हुसेनमियाँचा गवताळ प्रदेश

हुसेनमियाँ मापारी माझ्याकडे पहिल्यांदा आले ते शिंकत. तबूकच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. बाहेर नावं घेणाऱ्या सिस्टरने माझ्या दारावरची 'डॉ. अमिता' ही पाटी त्यांना दाखवली, तसे ते आत आले आणि मराठीतच म्हणाले, "बाई, तुमी आपल्याकडच्या ना? मग मना जरा बरा करा. रमजानच्या आधी."

"काम काय करता?" मी विचारलं.

"गवत उगवतो."

"म्हणजे शेती?"

"शेती येगळी. मी आता फक्त गवत उगवतो. इथं येऊन सत्तावीस वर्सं झाली."

तपासणी केली तेव्हा कळलं की त्यांना गवताच्याच परागांची अ‍ॅलर्जी आहे. हे ऐकून त्यांनी मला विनंती केली की कागदावर 'गवत' हा शब्द लिहू नये. मालकाच्या हाती कागद पडला तर मालक म्हणेल, गवताला शिंकणारा माणूस मी गवतावर कशाला ठेवू? मी 'परागकण' लिहिलं. तो शब्द त्यांच्या ऑफिसात कोणी वाचणार नव्हतं, समजून घेणं तर दूरच.

माणूस मूळचा श्रीवर्धनचा. वडील, आजे, पणजे सगळे होडी घेऊन समुद्रात जाणारे. हुसेनमियाँना होडीत उलट्या व्हायच्या, म्हणून घरच्यांनी त्यांना वाळवंटात पाठवलं. तबूकच्या पूर्वेला अबू सत्ताम नावाच्या एका बड्या माणसाची जमीन होती, तिथे ते पाण्याच्या यंत्रावर कामाला लागले. ते यंत्र म्हणजे चाकांवर चालणारा पाव किलोमीटर लांबीचा लोखंडी नळ. तो घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरतो आणि खालच्या वाळूवर पाणी शिंपतो. म्हणून इथली शेतं विमानातून हिरव्या गोल थाळ्यांसारखी दिसतात. आधी तिथे गहू व्हायचा. जमिनीखालचं पाणी आटतंय हे सरकारच्या लक्षात आल्यावर गहू बंद झाला आणि त्या जागी जनावरांसाठी हिरवा चारा आला. मग चाराही कमी करायला सांगितलं. बहुतेक थाळ्या करड्या पडल्या. हुसेनमियाँ, त्यांची बायको अख्तरी आणि सातवीतली मुलगी अफशाँ, तिघं मिळून आता परत जावं लागणार असं बोलू लागली होती.

तेवढ्यात अबू सत्ताम कझाकस्तानला जाऊन आले.

मे महिन्यात गेले. तिथे त्यांनी क्षितिजापर्यंत पसरलेलं गवत पाहिलं, घोडीचं आंबवलेलं दूध ते प्याले आणि जाड लोकरी नमद्याच्या गोल तंबूत झोपले. परत आल्यावर सगळ्यांना सांगायचे की ते गवत पाहून मी रडलो. (ते दूध पिऊनही माणसं रडतात, हे मला एका कझाक नर्सने पुढे सांगितलं.) रडून झाल्यावर त्यांनी ठरवलं की आपल्या करड्या पडलेल्या जमिनीवर, तबूकमध्ये, असाच गवताळ प्रदेश करायचा. लोक शहरातून येतील, तंबूत राहतील, घोड्यावर बसतील. तंबूंना एसी असेल. नाव ठरलं 'सुहूब'. अरबीत स्टेपला, म्हणजे तिकडच्या गवताळ मैदानांना, हाच शब्द आहे.

असल्या कामाला सल्लागार लागतो. तो रियाधहून आला, पण होता पुण्याचा. हेमचंद्र त्याचं नाव. परदेशातली डॉक्टरेट, गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर रुंद काठाची टोपी. पहिल्याच दिवशी हुसेनमियाँनी मोठ्या उत्साहाने त्याला विचारलं, "साहेब, तुमी पुन्याचे? आमी श्रीवर्धनचे." हेमचंद्रने हसून इंग्रजीत उत्तर दिलं आणि पुढचे आठ महिने तो त्यांच्याशी हिंदीत बोलला. मराठी समजत असताना हिंदीत बोलण्याने माणूस किती लांब ठेवता येतो, हे परदेशात राहिल्याशिवाय कळत नाही.

कामाच्या पहिल्या बैठकीला हुसेनमियाँ भिंतीशी उभे होते. खुर्च्या होत्या, पण त्या साहेबांसाठी होत्या. पडद्यावर चित्रं सुरू झाली. पृथ्वीवर समशीतोष्ण गवताळ प्रदेश कुठे कुठे आहेत, उत्तर अमेरिकेत त्याला प्रेअरी म्हणतात, दक्षिण अमेरिकेत पंपास, आफ्रिकेत व्हेल्ड, ऑस्ट्रेलियात डाउन्स. तिथे हिवाळा कडक, उन्हाळा गरम, पाऊस झाडांना अपुरा आणि गवताला पुरेसा. बायसन, सायगा हरणं, बिळात राहणारे प्रेअरी डॉग. अबू सत्ताम मान डोलावत होते. हुसेनमियाँच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं.

घरी येऊन त्यांनी अफशाँला विचारलं, "तुझ्या भूगोलात ते गवताचं होतं ना, परीक्षेला पाठ करत होतीस?"

"Temperate grasslands, पप्पा. Chapter नाइन."

"वाच बगू."

अफशाँने वाचलं. साहेबांचा पडदा आणि मुलीचा धडा यात फरक एवढाच होता की धड्यात शेवटी स्वाध्याय होता. हुसेनमियाँनी तो धडा तिच्याकडून तीनदा वाचून घेतला. तिला कंटाळा आला. "पप्पा, आप क्यूँ पढ़ रहे हो? आपका exam है क्या?"

"हाय," ते म्हणाले.

त्या धड्याने त्यांची झोप उडवली नाही, तेवढे ते हळवे नाहीत. पण त्यातली एक गोष्ट त्यांना फार लागली. त्यांनी मला ती दवाखान्यात, मी छाती तपासत असताना सांगितली.

"बाई, त्यात लिवलंय की अमेरिकेत लोकांनी सगळा गवत नांगरून टाकला आनि गहू पेरला. रशियात पन तसाच. दुनियेने गवत मोडून गहू केला. आमचे साहेब काय करनार? गहू होता तो मोडून गवत लावनार. मी सत्तावीस वर्सं उलटा चाललो काय?"

"श्वास घ्या," मी म्हटलं.

"घेतो. दुसरा आयका. त्या गवताची जमीन काळी हाय. हजारो वर्सं मुळं कुजून काळी झालेली. आमची वाळू. ती कशी काळी करनार? साहेबाला इचारतो उद्या."

आणि खरंच त्यांनी विचारलं. पुढच्या बैठकीत, भिंतीशी उभं राहून, हिंदीत. तबूकला वर्षाला जेमतेम चार-पाच सेंटिमीटर पाऊस पडतो. पुस्तकात तर पंचवीस ते पंचाहत्तर लिहिलंय. बाकीचा कुठून आणायचा?

"Irrigation," हेमचंद्र म्हणाला.

"साब, पानी देके उगाया तो वो खेत हो गया. Grassland कैसे होगा?"

मग हेमचंद्रने हसून अबू सत्तामना सांगितलं की अशा जुन्या कामगारांचं ज्ञान मोलाचं असतं आणि आपल्या आराखड्यात त्याला जागा आहे. म्हणजे उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या पडद्यावर एक नवं चित्र आलं: 'सिंचित गवताळ प्रदेश : एक अभिनव संकल्पना'.

काम सुरू झालं. सगळ्यात आधी कुंपण. आजवर त्या जमिनीच्या कडेने आजूबाजूच्या बदूंच्या, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या, शेळ्या-मेंढ्या चरत जायच्या. चरायला फारसं काही नसायचं, तरी चरायच्या. आता साडेसात फूट उंचीची जाळी उभी राहिली. शेळ्या बाहेर आणि गवताळ प्रदेश आत, असं ठरलं. गवताळ प्रदेशात चरणारी जनावरं असतात हे धड्यात होतं, त्याचीही सोय झाली. सायगा हरणं आणायला परवानगी मिळेना, म्हणून फायबरची बनवून घेतली. सायगाचं नाक लांब, फुगलेलं, खाली लोंबणारं असतं. ट्रकमधून बारा हरणं उतरली तेव्हा कामगारांना वाटलं, सोंड कापलेली हत्तीची पिल्लं आली.

बियाणं कझाकस्तानहून आलं. त्या गवताला पांढऱ्या पिसासारखे तुरे येतात. अबू सत्तामना रडवणारं गवत तेच. ऑक्टोबरात पेरलं, पाणी दिलं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. शंभरातलं फार तर पाच बी उगवलं आणि तेही भेदरलेलं. हेमचंद्रने जमिनीचे नमुने रियाधला पाठवले, तिथून अहवाल आला, त्या अहवालावर दुसरा अहवाल झाला. हुसेनमियाँ म्हणाले, "साब, बीज को ठंड चाहिए, बर्फ के नीचे सोता है ये. पुस्तक में है."

"कौनसी पुस्तक?"

"मेरी बेटी की."

हेमचंद्रने त्या दिवशी पहिल्यांदा मराठीत वाक्य उच्चारलं. "जरा बाहेर थांबा."

उद्घाटन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं होतं. पाहुण्यांची पत्रं गेली होती. जानेवारीच्या अखेरीला हेमचंद्रने हुसेनमियाँना जीपमध्ये बसवलं आणि करड्या थाळीच्या कडेला नेलं. या वेळी तो सरळ मराठीत बोलला. गरज पडली की भाषा आपोआप जवळ येते.

"मियाँ, दहा एप्रिलला हे सगळं हिरवं दिसायला हवं. वाऱ्यावर हललं पाहिजे. काय करायचं ते तुम्ही करा, मला सांगू नका."

हुसेनमियाँनी जव पेरले.

जवाच्या ओंबीला लांब केसाळ टोकं असतात. वारा आला की सगळं शेत एका बाजूला झुकतं आणि चंदेरी चमकतं. दुरून पाहणाऱ्याला रडू येईल इतपत ते स्टेपसारखं दिसतं. एप्रिलात जव हिरवेच असणार, ओंब्या नुकत्या भरत असणार, हा हिशेब त्यांनी सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने केला आणि तो बरोबर आला. त्यांना याचा अभिमान होता हे मी इथे लपवत नाही. लबाडी उत्तम झाली की माणसाला ती कारागिरीच वाटते. अख्तरीने त्यांना विचारलं, "हे खोटं नव्हं?" तर ते म्हणाले, "हरनं फायबरची हायत. जव तरी जिता हाय."

याच सुमारास दुसरी एक गोष्ट झाली, जिच्याकडे हेमचंद्रचं लक्ष नव्हतं. जानेवारीत तबूकला दोन दिवस चांगला पाऊस पडला. शेताची थाळी गोल आणि जमीन चौकोनी, त्यामुळे चारही कोपऱ्यांत अशी जागा उरते जिथे यंत्राचं पाणी पोहोचत नाही. तिथे कोणी कधी काही पेरत नाही. पण यंदा तिथे कुंपण होतं. शेळ्यांचं तोंड लागलं नाही. मार्चमध्ये ईशान्येच्या कोपऱ्यात आपोआप गवत उभं राहिलं. विरळ, गुडघ्याच्याही खाली, पण तुरे पांढरे, पिसासारखे. समुद्रापलीकडून पोती भरून ज्याचं बी आणलं, त्याच्याच जातकुळीतलं काहीतरी इथल्या वाळूत आधीपासून झोपलेलं होतं. मधेमधे जांभळी रानफुलं. चंडोल उतरले. एक घोरपडीसारखा काटेरी शेपटीचा सरडा बिळातून तोंड काढून बसू लागला.

हुसेनमियाँ रोज सकाळी नाकाला रुमाल बांधून तिथे जायचे आणि शिंकत उभे राहायचे.

हेमचंद्रने एकदा जीपमधून तो कोपरा पाहिला आणि सांगितलं, "ते तण काढून टाका. फोटोत येईल."

हुसेनमियाँ "हो" म्हणाले. काढलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा त्यांनी कोपऱ्यापुढे फायबरची चार हरणं आडवी उभी केली आणि सांगितलं, काम चालू आहे.

उद्घाटनाला मी गेले होते. अबू सत्तामच्या आईला दम्याचा त्रास होता, म्हणून डॉक्टर सोबत हवी होती. सगळे त्यांना आदराने 'हज्जा' म्हणत. ऐंशीच्या पुढे असाव्यात. चेहऱ्यावर बुरखा, हातात काठी, डोळे मात्र ससाण्याचे. अबू सत्तामनी भाषण केलं. हेमचंद्रने भाषण केलं आणि 'परिसंस्था' हा शब्द इंग्रजीत इतक्या वेळा उच्चारला की पाहुणे चहाच्या दिशेने सरकू लागले. जव वाऱ्यावर लहरत होते. फोटो निघत होते. मग चार घोडे आणले. अबू सत्तामच्या पुतण्याने लगाम सैल सोडला आणि घोड्यांनी, कोणतंही भाषण न करता, स्टेप खायला सुरुवात केली. ती इतक्या आवडीने खाल्ली की हाकलूनही हटेनात. शेजारचा एक म्हातारा बदू, ज्याच्या शेळ्या बाहेर राहिल्या होत्या, एक ओंबी तोडून हातावर चोळत मोठ्याने म्हणाला, "अबू सत्ताम, अल्लाह बरकत देवो! जव फार छान आलेत."

हेमचंद्र पुढे झाला. हे जवाच्या दूरच्या नात्यातलं रानगवत आहे, असं तो सांगू लागला. म्हातारा नुसता त्याच्याकडे पाहत राहिला. सत्तर वर्षं जनावरांना जव घातलेल्या माणसाने बघावं तसा.

हज्जांचं या कशाकडे लक्ष नव्हतं. त्या माझा हात धरून कुंपणाच्या कडेने निघाल्या होत्या. हरणांपाशी पोहोचल्यावर त्यांनी काठीने एकाचं नाक वाजवलं, पोकळ आवाज आला, आणि त्या पुढे गेल्या. कोपऱ्यात पोहोचल्या आणि खाली बसल्या. वाळूतच.

"नसी," त्या म्हणाल्या. पांढरा तुरा बोटांत धरून पुन्हा म्हणाल्या, "हे नसी आहे. हे इथे होतं? इतकी वर्षं?"

हुसेनमियाँ धावत आले होते. रुमालातून शिंकत त्यांनी अरबीत सांगितलं की पाऊस पडला, शेळ्या आल्या नाहीत, म्हणून उगवलं. मी पेरलेलं नाही.

हज्जा त्यांना प्रत्येक झुडपाचं नाव सांगू लागल्या. उंटाला काय आवडतं, दूध कशाने गोड होतं, कशाने कडू, पाऊस किती दिवसांनी कुठलं गवत दाखवतो. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांचा तळ या मैदानात पडायचा. हुसेनमियाँ गुडघ्यावर बसून ऐकत होते. त्यांनी खिशातली वही काढली आणि मराठीत नावं लिहायला सुरुवात केली. अक्षर मोठं, शाळकरी. 'नसी. उंटाला आवडते. पावसानंतर.' पाऊण तास हे चाललं. मध्येच अबू सत्ताम आईला शोधत आले आणि ते दृश्य पाहून त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. हा माणूस रडायला सोपा होता.

तिथून पुढे उलटापालट झाली. आठवड्याभरात आराखडा बदलला. जवाची थाळी 'स्वागत उद्यान' झाली आणि कोपरा झाला मुख्य आकर्षण. हेमचंद्रने रियाधच्या एका परिषदेत निबंध वाचला. विषय, वाळवंटातल्या स्थानिक गवताळ जमिनीचं कुंपणाद्वारे पुनरुज्जीवन. 'गेली दोन वर्षं आम्ही जाणीवपूर्वक हा कोपरा राखला' असं त्यात वाक्य होतं. निबंधात एक छायाचित्रही होतं. धुळीमुळे डोक्याला लाल चौकटीचा रुमाल गुंडाळलेले, वाळूत बसून वहीत लिहिणारे हुसेनमियाँ. खाली ओळ होती: 'पारंपरिक ज्ञान जपणारा स्थानिक बदू वृद्ध'.

त्यांनी ते मला मोबाइलवर दाखवलं. मला वाटलं, आता चिडतील. ते चेहरा न्याहाळत म्हणाले, "फोटू चांगला आला हाय. नाय?" श्रीवर्धनला तो फोटो त्यांनी त्याच दिवशी पाठवला होता. तिथल्या भावाने उत्तर दिलं होतं की तू आता शेख दिसतोस. हुसेनमियाँना याचा आनंद झाला होता. त्यांच्याबद्दल लिहायचं तर हेही लिहायला हवं.

निबंध वाचून लंडनहून एक बाई कॅमेरा घेऊन आली. तिला त्या बदू वृद्धाला भेटायचं होतं. हेमचंद्र घाबरला, पण पुण्याचा माणूस घाबरला तरी योजना तयार ठेवतो. त्याने हुसेनमियाँसाठी नवा पांढरा थोब, म्हणजे पायघोळ अरबी झगा, आणि नवा रुमाल आणला. "तुम्ही अरबीत काहीही बोला. भाषांतर मी करतो. दहा मिनिटांचं काम आहे."

हुसेनमियाँ तयार झाले. आरशात स्वतःला पाहून खूश झाले. हज्जा त्या दिवशीही कोपऱ्यापाशी तंबूच्या सावलीत बसल्या होत्या. बाईने पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या पूर्वजांनी हे गवत पिढ्यान्‌पिढ्या कसं जपलं?"

हेमचंद्रने तो अरबीत सांगितला. हुसेनमियाँनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर हज्जांकडे गेली. त्या त्यांच्याकडेच पाहत होत्या. पुढे मला ते म्हणाले, "बाई, तिने मना नावं दिली. मी तिच्यासमोर तिचा नातू कसा होऊ?"

त्यांनी अरबीत स्वच्छ सांगितलं, "माझे पूर्वज मासे धरायचे. गवताचं विचारायचं असेल तर ती तिथे बसलीय, तिला विचारा."

हेमचंद्रने भाषांतर केलं: "तो म्हणतो, आम्ही या वाळूच्या सागरातले कोळी. गवत ही आमची आई."

बाईला इतकं आवडलं की तिने ते पुन्हा म्हणायला लावलं.

दोन महिन्यांनी फिल्म इंटरनेटवर आली. अख्तरीने शेजारपाजार गोळा केला. मीही होते. हुसेनमियाँ पडद्यावर आले, खाली इंग्रजी अक्षरं उमटली आणि अफशाँ हसत सुटली. "पप्पा, sand ocean के fisherman! ये आपने बोला?"

"काय?"

तिने अर्थ सांगितला. हुसेनमियाँनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा पाहिल्यावर त्यांनी फोन बंद केला. मग ते लेकीला म्हणाले, "इंग्लिशमधी पत्र लिव. सगळ्यात चांगला इंग्लिश. मार्क देनार मी."

ते पत्र मी वाचलं आहे. एक, माझं नाव हुसेनमियाँ मापारी, मी महाराष्ट्रातल्या श्रीवर्धनचा. दोन, माझे पूर्वज खऱ्या समुद्रातले, वाळूतले नाहीत. तीन, गवत मी राखलं नाही, कुंपणाने राखलं, आणि नावं हज्जांनी सांगितली. चार, गोल थाळीतले ते जव आहेत, मीच पेरले. अफशाँने स्वतःहून पाचवा मुद्दा घातला होता: समशीतोष्ण गवताळ प्रदेशाला किमान पंचवीस सेंटिमीटर पाऊस लागतो, पाहा सातवी भूगोल.

"चौथा काढ," अख्तरी म्हणाली. "नोकरी जाईल."

"ऱ्हाऊ दे," हुसेनमियाँ म्हणाले. "माजा काम तेवढाच हाय त्या सगळ्यात."

नोकरी जवळजवळ गेलीच. लंडनच्या बाईने पत्र थेट अबू सत्तामना पाठवलं आणि खुलासा मागितला. अबू सत्ताम भडकले. हेमचंद्र म्हणाला, भाषांतरातला गैरसमज, अरबी बोलीत छटा फार. त्याला माहीत नव्हतं की हज्जा त्या दिवशी दहा पावलांवर होत्या आणि त्यांचे कान त्यांच्या डोळ्यांसारखेच होते. त्यांनी मुलाला बोलावलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी बाहेर इनहेलर घेऊन उभी होते. एवढंच ऐकलं: "कोळ्याचा मुलगा खरं बोलला. तुझा शिकलेला माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलला."

हेमचंद्रचा करार त्या मोसमापुरता होता, तो वाढला नाही. लंडनची बाई पुन्हा आली. हज्जांनी चेहरा दाखवला नाही, पण हात दाखवले आणि आवाज दिला. फिल्मच्या नव्या रूपात त्यांचं बोट एकेका तुऱ्यावर फिरतं आणि बाजूला कुठेतरी सतत कोणीतरी शिंकतं. शेवटच्या नावांत 'हुसेनमियाँ मापारी, शेत पर्यवेक्षक' असं आहे. श्रीवर्धनच्या भावाला ते आवडलं नाही. शेख बरा होता, असं तो म्हणाला.

बी गळून पडल्यावर दरवर्षी तीन आठवडे कुंपणाचं फाटक उघडायचं, असा हज्जांनी हुकूम काढला. चरलं नाही तर गवत आतून मरतं, खूर लागले की बी मातीत दबतं, हे त्यांचं म्हणणं. फाटकाची किल्ली हुसेनमियाँकडे आहे. पहिल्या दिवशी शेजारचा तो म्हातारा बदू शेळ्या घेऊन आला, तेव्हा आत शिरता शिरता त्याने विचारलं, "यंदा जव नाही पेरले?"

"खलास," हुसेनमियाँ म्हणाले.

म्हाताऱ्याला वाईट वाटलं. पेरायला हवे होते, असं त्याचं मत पडलं. हेमचंद्र सध्या तिकडे धाहरानजवळ कोणासाठी तरी पाणथळ प्रदेश करतो आहे, असं ऐकते. तिथे पाणी आहे की नाही, ते मला माहीत नाही.